सवलतीची रेघ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळेत होते. आम्हाला त्यातलं एवढंच कळलं, की आता विभागीय स्पर्धेला आपल्या जिल्ह्याचा वेगळा संघ जाणार. त्या साली पाऊस नव्हता. गावचा तलाव आटला आणि खेळाचे सर आम्हाला त्याच्या कडक तळावर पळवू लागले. या काठापासून त्या काठापर्यंत, सरळ. वळणावरचं पळणं मी पाहिलंही नव्हतं.

स्पर्धा नांदेडला होती. दोनशे मीटरमधल्या पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. आमच्या घरात सातवीपुढे कुणी शिकलं नव्हतं. राज्याला निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहून पोरगी शिकेल, असं सरांनी वडिलांना सांगितलं होतं.

प्राथमिक फेरीत मला सगळ्यांत बाहेरची पट्टी मिळाली. पाहते तर माझी सुरुवातीची रेघ इतर मुलींच्या कितीतरी पुढे. दुष्काळ म्हणून त्या वर्षी आमची परीक्षा फी माफ झाली होती. मला वाटलं, हीसुद्धा तसलीच सवलत. मी मागे जाऊन सगळ्यांत आतल्या पट्टीतल्या मुलीच्या बरोबरीने उभी राहिले. पंचांनी ओरडून पुढे आणलं. पिस्तूल वाजल्यावर मी आधी मुद्दामच हळू निघाले. मुली बरोबरीला आल्या, मग पळाले. चौथी आले. अंतिम फेरीत कशीबशी बसले.

सर संतापले होते. "पळायला आलीस का दानधर्म करायला?"

"फुकटचं नको वाटलं, सर."

सरांनी कपाळाला हात लावला. "चुकलं माझंच. तळ्यात वळण कुठनं दाखवणार होतो!"

आमच्या फेरीत पहिली आलेली नांदेडची मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. ती खो खो हसली. "नवा जिल्हा लई मानी हाय की! ऊठ, चल माझ्यासंगं."

तिने मला माझ्या रेघेवर उभं केलं आणि स्वतः सगळ्यांत आतल्या पट्टीच्या रेघेवर गेली. "पळू नको. माझ्या पावलाला पाऊल टाकत चाल."

आम्ही चालू लागलो. वळणावर ती हळूहळू जवळ येत गेली. शेवटच्या रेघेवर दोघी एकदमच पोचलो.

"भायेरचं वळण लांब पडतंय, म्हणून तुझी रेघ पुढं. दिलं का तुला कुणी फुकट?"

"न्हाई."

"मंग उद्या नीट पळ. न्हाईतर जिंकून बी मजा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पट्टी तीच होती. वळणभर मला कुणी दिसलं नाही आणि मी मागे पाहिलंही नाही. सरळ मार्गाला लागल्यावर ती डावीकडून पुढे निघून गेली. आणखी कुणी आलं नाही. मी दुसरी आले.

त्या दुसऱ्या क्रमांकावर मला वसतिगृह मिळालं, पदवी मिळाली, पुढे देशाच्या संघातही जागा मिळाली. तिच्याविरुद्ध त्यानंतर पुष्कळदा धावले. मैत्रीखातर तिने एकदाही वेग कमी केला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.