सरबताच्या कारखान्याची फरशी

आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि आमची आई त्या बंदीहून कडक. तरुणपणी गावातल्या बाया गोळा करून तिने नाल्याकाठच्या हातभट्ट्या फोडल्या होत्या. तिच्या पोटी जन्मून देवळीत फरशीचं दुकान चालवणाऱ्या मला एक दिवस मावसभावाचा फोन आला. नागपूरला तो बीअरचा छोटा कारखाना टाकत होता, रीतसर परवाना काढून. रोज उकळतं पाणी सांडलं तरी टिकेल अशी फरशी मी निवडून द्यायची होती. एवढं मोठं काम सोडवेना. आईला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही, हेही पक्कं. मी तिला सांगितलं, सरबताचा कारखाना आहे.

"सरबताले उकळतं पाणी काऊन लागते?"

"पाक करा लागते ना आई."

नमुने आले तसे अंगणात मांडले, चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवला. पाकाचा विषय म्हटल्यावर आईने पदर खोचला आणि गंज माझ्या हातून घेतला. आधी उकळतं ओतलं, लगेच वरून रांजणातलं गार. टाइल तडकली. चकचकीत इपॉक्सीच्या लेपाला पापडासारखे फोड आले. पॉलियुरेथेन घातलेल्या काँक्रीटचा खरबरीत थर तेवढा जसाच्या तसा राहिला. त्यावर तिने अनवाणी पाय घासूनही पाहिला.

तमाशा बघायला गल्ली जमली होती. दोघंजण "सरबत कधी निंगते?" असं हळूच विचारून गेले. लिंबाचं की कोकमाचं, हे एकानेही विचारलं नाही.

जेवायला वाढताना आई म्हणाली, "तेच खरबरीत घेजो. अन् पानी वाहाचा ढाळ रस्त्याकडच्या दारावर दे."

"मागच्या नालीकडे देतात आई."

"मले नोको शिकवू. कायचं सरबत आहे थे तुह्या मावशीनं मले कवाच सांगतलं."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मंग तू पाणी काऊन ओतलं?"

"तू पाय भाजून घेतले असते." तिने पोळीवर तूप सोडलं. "उद्या आम्ही बाया फोडाले आलो, तं सारी एका बारीत बाह्यर निंगाले पायजे. घोटाभर दारूत कोन उभं राह्यन?"

मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण ती हसत नव्हती. जेवण झाल्यावर मी मावसभावाला फोन करून ढाळ फिरवायला सांगितलं. कारण मात्र सांगवलं नाही.