परत केलेलं वाण

"बघा गं सगळ्याजणी, ही वेड्यांची गोळी खाते. म्हणून हिची कॉलर वाकडी येते."

मालकीणबाईंनी माझ्या गोळ्यांची पट्टी दोन बोटांत धरून उंच केली होती. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. कारखाना शाळेच्या गणवेशांचा. सोलापुरात असे गल्लोगल्ली आहेत. मी कॉलरच्या मशीनवर. पट्टी त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून काढली. विचारलंही नाही. अठरा बायका होत्या. काही हसल्या, काहींनी खाली बघितलं. मी हातात तिळगूळ धरून तशीच उभी.

मग पट्टी चिंध्यांच्या पोत्यात गेली आणि माझ्या ओटीत कसल्याशा पावडरीचा एक डबा पडला. वाण. सगळ्यांना तोच. त्या पावडरीची एजन्सी वहिनींनीच घेतली होती.

"शंभर टक्के नॅचरल. साईड इफेक्ट शून्य. मनाचं, गुडघ्याचं, शुगरचं, सगळ्यावर एकच."

आमच्या गावाकडे, मैंदर्गीला, वाण परत करत नाहीत. घरी आलेली लक्ष्मी परत पाठवल्यासारखं होतं म्हणतात. हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. पहिला डबा वाण म्हणून, पुढचे विकत.

माझी चूक इथे झाली. मी डबा घेतला, वर विश्वासही ठेवला. कारण गोळीने हात थरथरायचा हे खरंच होतं. तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड व्हायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिण्याआधीच हे सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, जिचा एवढा त्रास ती गोळी कशाला? डब्याचा तर काहीच त्रास नाही. दहावी झालेली आहे मी. पण अठरा जणींसमोर वेडी ठरल्यावर शहाणपण कुठे शिल्लक राहतं?

गोळी एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवशी चक्कर. मान वळवली की डोक्यात झटका बसायचा. वहिनी म्हणाल्या, "विष बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे." मी दुसरा डबा घेतला. पाचव्या आठवड्यात, ज्याच्यासाठी गोळी सुरू झाली होती तो जुना अंधार परत आला. जेवण नको, आंघोळ नको, माणूस नको. एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि ओले कपडे बादलीत तसेच ठेवून कठड्याशी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, जिन्यातून ओरडली, "कुटं बघायलीस? खाली ये की!" मी वळले. तिने माझं मनगट धरलं ते दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. डबा मागितला, फिरवून फिरवून वाचला.

"ह्यात काय काय आहे ते पूर्ण लिहिलेलंच नाही. मग ह्याने काय बिघडेल हे मी कसं सांगू? डबा देणाऱ्या बाई तरी कसं सांगतील?"

रक्त तपासलं. एक जीवनसत्त्व कमी निघालं, ते वेगळं दिलं. म्हणाल्या, "कमी असेल ते भरून काढायचं. पण तुमच्या आजाराच्या गोळीची जागा ते घेत नाही." जुनी गोळी कमी डोसने पुन्हा सुरू केली. "हात थरथरला तर येऊन सांगा. डोस बदलू, गोळी बदलू. आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि दर पंधरवड्याला बोलायला यायचं."

परतताना मी मनात तागडी धरली. एका पारड्यात थरथरता हात, कोरडं तोंड. दुसऱ्यात तो कठडा. वाकडी कॉलर उसवून पुन्हा शिवता येते. मला कोण पुन्हा शिवणार होतं? जिने त्रास आधी सांगितला तिने मला माणूस मानलं होतं. जिने शून्य म्हटलं तिने गिऱ्हाईक. हे कळलं आणि अंगाची आग झाली.

गोळी चोरून घेत राहिले. काही महिन्यांत हसायला लागले, कॉलरी सरळ येऊ लागल्या. वहिनींनी ते हेरलं. पुढच्या संक्रांतीआधी म्हणाल्या, "मंगळवारी हळदीकुंकवाला बाहेरच्या बायकाही येणार आहेत. तू सांगायचंस, पावडरीने बरी झाले म्हणून."

माझी अब्रू घेऊन झाली होती. आता माझं बरं होणंही त्यांना हवं होतं. मी "व्हय" म्हटलं. मुद्दाम.

आमच्या कामाची रीत आहे. पीस बिघडला की तपासणीहून परत येतो, चिठ्ठी लावून. कुणाच्या हातचा, काय बिघडलं. आठ दिवस मी बायकांकडून पावडरीचे रिकामे डबे गोळा केले आणि तशाच चिठ्ठ्या लावल्या. काज-बटण करणाऱ्या रुक्साना आपाने पावडरीपायी शुगरची गोळी सोडली होती, पायाची जखम भरत नव्हती. "अगं, काम जाईल की तुझं," आपा म्हणाली. तरी डबा दिला. फक्त नाव नको म्हणाली. मी डबा देणाऱ्या कुणाचंच घातलं नाही.

मंगळवारी वहिनींनी मला पुढे ओढलं. "ही बघा, पावडरीने माणसात आली. सांग गं."

मी सात डबे त्यांच्या पुढ्यात मांडले. एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. कुणाच्या हातचा: वहिनी. काय बिघडलं: शुगर चढली. कुणाच्या हातचा: वहिनी. काय बिघडलं: छाती धडधडते. शेवटची माझी. कुणाच्या हातचा: वहिनी. काय बिघडलं: गोळी सोडायला लावली, जीव जाता जाता राहिला. मग पट्टी काढली, गोळी सगळ्यांसमोर गिळली.

"मी हिच्याने बरी झाले. तुमचं वाण परत करते."

वहिनींचं तोंड पडलं. मी ते डोळे भरून पाहिलं. गोड वाटलं, तिळगुळापेक्षा गोड. खोटं कशाला बोलू?

"उद्यापासून येऊ नकोस," त्या कशाबशा म्हणाल्या.

आता मी पलीकडच्या गल्लीत कॉलरी शिवते. सरकारी औषध खात्यात त्या पावडरीविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिलाय. अर्ज मागे घे म्हणून वहिनींनी माणसाकरवी साडी पाठवली. तीही परत केली. अर्जावरची सही थरथरती आहे, पण माझी आहे. तो डबा जोवर कुणाच्याही ओटीत पडतोय, तोवर मी चिठ्ठ्या लावत राहणार. वर नाव वहिनींचंच असेल, आता पूर्ण नाव, आडनावासकट.