सरदारभाईंचा ठोक्या

उद्या सकाळी सरदारभाई नदीत उतरतील, ही एकच गोष्ट जरीनाच्या डोक्यातून जात नव्हती. तिने दुपारची भांडी घासली, मुलाच्या, आवेजच्या, शर्टांना इस्त्री केली, गल्लीतल्या दोन मुलींची शिकवणीसुद्धा घेतली; पण एका मुलीने बेरीज चुकवली ते तिच्या लक्षातच आलं नाही. मुलीनेच हळूच सांगितलं, "बाई, हे चुकलंय."

सरदारभाई तिच्या नात्यातले नव्हते. ते भडगावला, ती धुळ्याला. तीन वर्षांत दोघांचं एका अक्षराचंही बोलणं झालेलं नव्हतं, आणि त्याला कारण जरीनाच होती.

भडगावात त्यांना सगळे बॅटरीवाले सरदारभाई म्हणतात. ट्रॅक्टरच्या, मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. अ‍ॅसिडने बोटांची कातडी जागोजागी पांढरी पडलेली, सदऱ्याला बारीक भोकं. दुकान संध्याकाळी बंद झालं की ते गिरणा नदीच्या बंधाऱ्यावर जाऊन बसत. बाकीच्यांसारखे गळाला गांडूळ लावत नसत. रबराची नकली मासोळी दोऱ्याला बांधून फेकायची आणि रीळ गुंडाळत ती जिवंत असल्यासारखी नाचवायची. मरळ फसते अशा मासोळीला. पण बंधाऱ्याखाली दगड आहेत, बाभळीची बुडालेली खोडं आहेत, फाटकी जाळी आहेत. दहादा फेकली की एकदा तरी मासोळी अडकणारच. मग माणूस काय करतो? आधी दोरा हिसकतो, मग शिव्या देतो, आणि शेवटी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरतो. मासोळी महागाची असते, सोडवत नाही.

दोरा तुटून हरवलेल्या मासोळ्या सरदारभाई पाणी आटलं की पात्रात उतरून वेचून आणत. दुकानाच्या दारात एक तार बांधलेली होती, तिच्यावर त्या टांगून ठेवत. ज्याची त्याने ओळखायची आणि न्यायची, पैशांचा विषय नाही. "बठ्ठा माल आठे शे," सगळा माल इथेच आहे, असं ते येणाऱ्याला सांगत. निंबा गुरुजींची हिरवी मासोळी तर तीनदा तारेवर आली. तिसऱ्यांदा सरदारभाई म्हणाले, "गुरुजी, आता हिला शाळेत घाला. तुमच्या हातात राहायला शिकत नाही ती."

तीन वर्षांपूर्वी मायलेक भडगावातच राहत होते; आवेज तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वडील आजारपणात गेलेले, एकुलता एक मुलगा, परीक्षा झाल्यावर रिकामा. त्याला या मासोळीचा नाद लागला. जरीना बी.ए. झालेली, समजूतदार बाई. पण मुलगा नदीवर गेला की तिचं कामात लक्ष लागत नसे. तो परत येईपर्यंत ती दारातून आत आणि आतून दारात.

एका संध्याकाळी तो वेळेवर आला नाही, म्हणून ती सरळ बॅटरीच्या दुकानावर गेली. तिथे आवेज आणि सरदारभाई दोघेही डोक्यापासून पायापर्यंत ओले उभे. आवेजच्या पायाला खरचटलेलं. जरीनाने मग मागचापुढचा विचार केला नाही. भर रस्त्यात, चहाच्या टपरीवरची माणसं ऐकत असताना ती बोलत सुटली.

"तुमचं वय झालं, तुम्हाला मरायचं तर मरा. माझ्या पोराला का ओढता पाण्यात? तुम्हाला घरात रडणारं कुणी नाही म्हणून?"

सरदारभाईंची बायको त्याच वर्षी वारली होती. मुलगी चाळीसगावला दिलेली. हे जरीनाला माहीत होतं. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, पण तेव्हा रागापुढे ते मागे घेता आले नाहीत. सरदारभाईंनी सदऱ्याचं टोक पिळलं आणि म्हणाले, "बरोबर आहे बहन तुमचं."

एवढंच. त्यानंतर तिने त्या रस्त्याने जाणंच सोडलं. पुढे आवेजला धुळ्यात गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी लागली आणि मायलेकांनी भडगाव सोडलं. तरी दर दुसऱ्या रविवारी आवेज मोटारसायकल काढून गिरणेवर जाई, आणि जरीना दिवसभर तसबीहचे मणी ओढत बसे. पण एक गोष्ट तिला नवलाची वाटे. पोरगा कधीच ओला परत आला नाही. चपलासुद्धा कोरड्या.

त्याचं कारण आज सकाळी कळलं.

आवेज मोबाईलवर भडगावच्या ग्रुपमधला निरोप वाचत होता. धरणातून नदीत पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सोडलंय, उद्या सकाळी भडगावपर्यंत पोहोचेल, पात्रात कुणी उतरू नये. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"चाचा उतरणार उद्या," तो म्हणाला. "आवर्तनाच्या आधी पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं ना, तेव्हाच सगळ्यात जास्त मासोळ्या सापडतात. दर वेळी असंच करतात."

"मग फोन कर आणि सांग."

"केला काल, आवर्तन सुटणार अशी बातमी आली तेव्हाच. म्हणतात, पाणी आलं की वरच्या अंगाचे बगळे आधी उठतात, बगळे उठले की मी निघतो. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला मोतीबिंदूने समोरची म्हैस दिसत नाही, बगळे कुठून दिसणार? तर हसले. म्हणाले, म्हैस काळी असते, बगळा पांढरा."

जरीनाला हसू आलं नाही. "दुसऱ्याच्या पोरांना नदीत घालणारा माणूस तो," ती पुटपुटली.

आवेजने मोबाईल खाली ठेवला. "अम्मी, त्या दिवशी त्यांनी मला नदीत घातलं नव्हतं. बाहेर काढलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं. मासोळी अडकली म्हणून तो एकटाच छातीएवढ्या पाण्यात गेला होता. पाय फाटक्या जाळ्यात गुंतला, दोन खोडांच्या मध्ये. सुटेना, आणि तोल गेला. सरदारभाई कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि बुडी मारून त्यांनी चाकूने जाळं कापलं. दुकानावर येऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात जरीना आली.

"मग त्यांनी सांगितलं का नाही मला? तू का नाही बोललास?"

"मी तोंड उघडत होतो. त्यांनी माझा हात दाबला. नंतर म्हणाले, आधीच घाबरलीये तुझी आई, हे ऐकलं तर झोपणार नाही वर्षभर."

आवेज उठला आणि पिशवीतून एक वस्तू घेऊन आला. सायकलच्या घंटीच्या वाटीत शिसं ओतून केलेला पेरूएवढा गोळा. एका बाजूला खाच, खाली साखळीचे दोन तुकडे, वर लांबलचक नायलॉनची दोरी. जरीनाने तो अनेकदा पाहिला होता. तिला ते दोऱ्याला बांधायचं वजन वाटायचं.

"याला चाचा ठोक्या म्हणतात. तू बोललीस त्यानंतर आठ दिवसांनी केला त्यांनी. मासोळी अडकली की बंधाऱ्यावरूनच दोरा ताणून धरायचा, दोरा या खाचेत घालायचा आणि ठोक्या सोडायचा. तो दोऱ्यावरून घसरत जातो, मासोळीला मागून ठोकतो, की ती सुटते. नाही सुटली तर तिच्या गळाचे आकडे साखळीत अडकतात, मग ही जाड दोरी ओढायची. पाण्यात पाय घालायचा नाही. आता बंधाऱ्यावर सगळ्यांकडे एकेक आहे. आणि दोराच तुटला, तर मासोळी नदीची. हा त्यांचा नियम. फक्त स्वतः पाळत नाहीत."

जरीनाने तो गोळा हातात घेतला. जड होता. तीन वर्षांचे सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले: दारात आलेला, कोरड्या कपड्यांतला, भूक लागली म्हणणारा आवेज. ती अल्लाचे आभार मानत होती, ते बरोबरच होतं. पण ज्या माणसाच्या हातून ते झालं, त्याला तिने भर रस्त्यात एकटेपणाचा टोमणा मारला होता आणि तो अजून मागे घेतला नव्हता.

हे झालं सकाळी. दुपारभर ती स्वतःशी वाद घालत राहिली. कोणत्या तोंडाने बोलायचं? आवेजने पुन्हा फोन करावा, त्यांच्या मुलीला कळवावं, शेजाऱ्यांना सांगावं. संध्याकाळी आवेज कामावरून आला तेव्हा तिने हेच सुचवलं.

"मुलीला सांगितलं. तिचंही ऐकत नाहीत," आवेज म्हणाला. "एकदा मला म्हणाले होते, मला आजवर कुणी असं रागावलं नाही जसं तुझी आई रागावली. बायको गेल्यावर वाटलं होतं, आता कोण रागावणार."

जरीना उठून खिडकीशी गेली. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. अजून उजेड होता. भडगावात या वेळी दुकानाचं शटर खाली येत असेल आणि सरदारभाई उद्यासाठी पिशवी भरत असतील.

आधी माफी मागायची, मग शुक्रिया म्हणायचा, की आधी पाण्याचं सांगायचं, हे तिचं ठरलं नव्हतं. माफीला नि शुक्रियाला उशीर झालाच होता, अजून थोडा चालला असता. पाण्याला चालणार नव्हता. पुन्हा रागावावं लागलं तर ती रागावणार होती, आणि या वेळी त्यांच्यासाठी.

तिने ओढणी सारखी केली आणि आवेजपुढे हात केला.

"लाव फोन. मी बोलते."