जा म्हणणारे बाबा

आम्ही तुरुंगाच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. बाबा जेलर. मराठी घरात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आमच्याकडे सगळं उलटं. सुटलेला कैदी फाटकाबाहेर पाऊल टाकताना सवयीनं “येतो, साहेब” म्हणाला, की बाबा खेकसायचे, “येतो काय? जातो म्हण! आणि मागं वळून बघू नकोस.” ती शिस्त घरातही शिरली. पाहुणे उठले की बाबा नुसतं “बरं” म्हणायचे. मग आई दारापर्यंत जाऊन हळूच “पुन्हा या हं” म्हणायची.

लग्न होऊन मी दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला निघाले, तेव्हा विमानतळावर वाकून नमस्कार केला. म्हणाले, “येते, बाबा.” ते म्हणाले, “जा.” झालं, एवढंच. इतरांचे बाप रडतात, माझ्या बापानं मला सोडून दिलं. मी मुळातच रागीट. ते ‘जा’ मी मनात धरून बसले. दर सुट्टीत माहेरून परतताना तेच “जा”, आणि विमानात माझी तीच धुसफूस.

यंदा बाबा हिवाळ्यात आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. त्यांनी ज्या विद्यापीठातून एम. ए. केलं, त्याच्या इथल्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉलमध्ये होता. कुलगुरू स्वतः येणार होते आणि तुरुंगातल्या कामाबद्दल बाबांचा सत्कार होणार होता. माझ्या लेकीनं शाळेत अभिमानानं सांगून टाकलं, “माय ग्रँडपा वॉज इन जेल फॉर थर्टी इयर्स.” टीचरचा काळजीचा फोन आला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सत्काराच्या दिवशी निवेदिका म्हणाली, “करेक्शनल सर्व्हिसेसमधली दीर्घ कारकीर्द...” बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, “सरळ तुरुंग म्हण की.” शाल, नारळ, मानपत्र झालं. माईक हातात आला तेव्हा ते दोनच मिनिटं बोलले. “नोकरीत मला एकच काम नीट करायचं होतं. सुटलेला माणूस पुन्हा आत येऊ नये. म्हणून प्रत्येकाला ‘जा’ म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो. तरी काही परत आले. त्यांचे चेहरे अजून आठवतात.” टाळ्या वाजल्या. माझे हात मात्र मांडीवरच राहिले.

घरी परतताना नवरा गाडी चालवत होता, लेक मागे झोपली होती. मला राहवलं नाही.

“बाबा, त्यांना जा म्हणालात ते कळलं. पण मलाही तेच का?”

ते मानपत्राची गुंडाळी फिरवत म्हणाले, “तू परक्या मुलखात चालली होतीस. पोर रडत माघारी येऊ नये, एवढंच मागणं होतं माझं. त्यासाठी मला दुसरा आशीर्वाद येतच नव्हता गं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आई असेपर्यंत चाललं. ती म्हणायची ना ‘ये’, दोघांच्या वतीनं.”

सतरा वर्षांचा राग असा गाडीतल्या गाडीत विरघळला. मी इतकी रडले की नवऱ्यानं पेट्रोल पंपावर गाडी घेऊन मला पाणी आणून दिलं.

पंधरा दिवसांनी बाबा परत निघाले. विमानतळावर नवरा म्हणाला, “यल्ला बाबा, चला लवकर, काउंटर बंद होईल.” मी नमस्कार केला. ते नुसतं “बरं” म्हणाले आणि ट्रॉली ढकलत चालू लागले. मला वाटलं, एवढ्या वर्षांची सवय, ती काय सुटणार!

पासपोर्टच्या रांगेशी ते थांबले. आयुष्यभर लोकांना मागं बघू नका म्हणणारा माझा बाप मागं वळला आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा, फाटकावरच्या आवाजात म्हणाला, “येतो गं!”

“या, बाबा,” मी म्हणाले. “लवकर या.”