रुखवतातली नको-नको बाई

पंचवटीतल्या त्या बोळातून रिकामी काड्यापेटी हातात घेऊन पुढे जायची कोणाची टाप नव्हती. "इकडे दे ती," असा आवाज यायचा आणि काड्यापेटी यशोदाबाईंच्या घरात जायची. तुटक्या बांगड्या, चिंचोके, सीताफळाच्या बिया, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, इंजेक्शनच्या बाटल्या, गेलेले बल्ब, सगळं त्या दोन खोल्यांत शिरत असे. त्यांचे यजमान वेणीमाधव जकात नाक्यावर कारकून. संध्याकाळी घरी आल्यावर खुर्ची मोकळी मिळेलच याची त्यांना खात्री नसे. एकदा ते बायकोने बल्बांपासून केलेल्या बदकावर बसले. यशोदाबाईंनी आधी बदकाची चौकशी केली.

बाईंचा हात जितका हळुवार, तितकी जीभ कडू. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा गरम पाण्यात धुऊन, त्यांचे तुकडे लोकरीने शिवून त्या डबे करत. काही फिल्मा मुद्दामच पुरत्या धुवायच्या नाहीत. मग लाल-हिरव्या लोकरीच्या झाकणावर कोणाची तरी बरगडी पुसट दिसे. बघणाऱ्या बायका शहारत. "आतून सगळे असेच दिसतात," यशोदाबाई म्हणत आणि दोरा तोडत.

सत्तरच्या दशकात आसपास कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की तिची आई यांच्या दारात हजर. मांडवात मुलीकडच्यांनी रुखवत मांडायचं, लाडू-चकल्यांच्या ताटांशेजारी मुलीच्या हातची कलाकुसर ठेवायची आणि मुलाकडच्या बायकांनी ती येऊन नाकं मुरडत बघायची, ही रीत. मुलींच्या हातांत कला नसे, म्हणून यशोदाबाई. सुपारीचे भटजी, नारळाची विहीण, अंड्याच्या टरफलांचं वऱ्हाड, सगळं त्या करून देत. मग प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लागे: 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केले.' यशोदाबाईंना खण-नारळ मिळे, आणि जाता जाता कानाशी, "कोणाला बोलू नका हं."

त्या बोलत नसत. मांडवात जाऊन कोपऱ्यात बसत, आणि जिला सुईत दोरा ओवता येत नाही अशा पोरीचं कौतुक ऐकत. घरी येऊन भांडी आपटत. "एकीच्या तोंडून नाव निघत नाही माझं. एकीच्या!" वेणीमाधव वर्तमानपत्र वर धरून बसत. त्यांना ठाऊक होतं की या बाईला खण नको होता, नारळ नको होता. भरल्या मांडवात कोणीतरी 'हे यशोदाबाईंनी केलं' म्हणावं, एवढंच हवं होतं.

सगळ्यात जास्त राग होता तो मालिनीवर, धाकट्या जावेवर. तिच्या नवऱ्याला बँकेत बढती मिळाली, कॉलेज रोडला बंगला झाला. वास्तुशांतीच्या पंगतीत ती चार जणींना हसत म्हणाली, "आमच्या वहिनींना कचरा फार आवडतो हो, घरभर साठवतात." यशोदाबाई भरल्या पानावरून उठल्या. त्यानंतर दोघी जावा समोर आल्या तर रस्त्याची बाजू बदलत.

पण मालिनीची लेक सुधा लहानपणापासून काकूंच्या मांडीला मांडी लावून चिंचोके रंगवत बसलेली. हात तिचा ओबडधोबडच, पण काकूंवर जीव होता. त्र्याऐंशी साली तिचं लग्न ठरलं, कळवणचं स्थळ. मालिनी स्वतः आली नाही, तिने रुखवत करून देण्याचा निरोप वेणीमाधवांकडून धाडला.

"सुधासाठी करते," यशोदाबाई म्हणाल्या. हे खरं होतं. पण सुधासाठी करता करता मालिनीच्या त्या टोमण्याचा वचपाही काढून घ्यावा, हेही तितकंच खरं होतं.

त्यांनी सुपारीची एक ठसठशीत बाई केली. चिंचोक्याचं वर वळलेलं नाक, चॉकलेटच्या सोनेरी कागदाची भली मोठी नथ. बॉलपेनातली स्प्रिंग बसवून तिला एक्स-रेच्या डब्यात बसवली. झाकण उघडलं की बाईची मान 'नको, नको' अशी हलायची, एक हात आडवा फिरायचा आणि दुसरा हात सरळ पुढच्या लाडवावर जायचा. ही हुबेहूब मालिनी. उभं आयुष्य ती पंगतीत 'नको, नको' करत पान पुढे सरकवत आली होती. बाहुली करताना यशोदाबाई एकट्याच इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली.

मालिनीने डबा उघडून पाहिला. तिलाही हसू आलं. स्वतःला तिने ओळखलंच नाही. "विहीणबाईंना गंमत वाटेल," म्हणाली आणि सुधाच्या नावाची चिठ्ठी डकवून मोकळी झाली.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि कळवणकर बायका रुखवत बघायला आल्या. यशोदाबाई खांबाशी उभ्या होत्या, डोळे त्या डब्यावर. कोणीतरी ओळखणार, मालिनीचं तोंड उतरणार, ते त्यांना बघायचं होतं. विहीणबाईंनी झाकण उघडलं. मान हलली, हात आडवा फिरला, दुसरा हात लाडवावर गेला. बायका खुदखुदल्या. विहीणबाई हसल्या नाहीत.

"आम्हाला काही नको म्हणत होतो आम्ही बैठकीत," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि मग स्कूटर मागितली, लोखंडी कपाट मागितलं. हेच काढलंय ना इथे?"

यशोदाबाई बैठकीला नव्हत्या, जावेशी बोलणंच बंद होतं. त्यांना स्कूटर ठाऊक नव्हती, कपाट ठाऊक नव्हतं. विहीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि नव्या सुनेकडे वळल्या. "स्वहस्ते. वा! घरात पाऊल टाकायच्या आधीच सासूची टिंगल."

सुधाचा चेहरा पांढराफटक पडला. यशोदाबाई पुढे झाल्या.

"ते मी केलंय. नवरीची काकू मी, यशोदा. हा डबा, हे भटजी, हे वऱ्हाड, सगळं माझ्या हातचं आहे. आणि ती बाहुली तुमची नाही, विहीणबाई. ती या मालिनीची आहे."

सगळ्यांच्या नजरा मालिनीकडे वळल्या. तिचं नाक खरोखरच वर होतं. कोणीतरी मागे फसकन हसलं, आणि मालिनीचा तोल गेला.

"वहिनी, शुद्धीवर या! वर्षानुवर्षं जळताय माझ्यावर, निदान आज तरी आवरा. माझ्या मुलीने रात्रीचा दिवस करून केलंय हे. हात लावलात तरी का तुम्ही?"

"खोटं बोलतेस, तेही मुलीच्या लग्नात!"

"पुरे," विहीणबाई म्हणाल्या. "बघायला आलो तेव्हा हिच्या हातची कला दाखवलीत, त्यावर आमच्या मुलाने हो म्हटलं. आता ही बाई म्हणते तिने केलं. सुधा, तूच सांग. कोणी केलं?"

सुधाने आईकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. सासूची टिंगल करणारी सून म्हणून जायचं की फसवून दिलेली सून म्हणून जायचं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

"मीच केलंय," ती म्हणाली. "चुकलं माझं."

विहीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "काकूंना जरा बाहेर बसवा," त्या कोणाला तरी म्हणाल्या, "उन्हाचा त्रास होत असेल." वेणीमाधवांनी बायकोचा दंड धरला. घरी आल्यावर पोतंभर बल्ब यशोदाबाईंनी एकेक करून अंगणातल्या फरशीवर फोडले. वेणीमाधव झाडू घेऊन उंबऱ्यात उभे राहिले.

त्यानंतर पंचवटीत कोणी त्यांच्याकडे रुखवत मागायला आलं नाही. ही बाई बाहुल्यांत माणसं काढते आणि लग्नात तमाशे करते, असं मालिनीने गावभर केलं होतं. यशोदाबाईही कोणाला सोडत नव्हत्या. भाजीबाजारात ओळखीचं कोणी दिसलं की मोठ्याने विचारत, "काय हो, तुमच्या लेकीचं रुखवत कोणी केलं होतं? सांगू?" बायका त्यांना पाहून दुसऱ्या गाळ्याकडे वळत.

पुढच्या वर्षी दिवाळीला सुधा माहेरी आली आणि दुपारी एकटीच काकूंच्या दारात उभी राहिली. वाळली होती. खाली बघून म्हणाली, "नणंदेचं लग्न ठरलंय. सासूबाई म्हणतात, तुझ्या हातात एवढी कला आहे, तर रुखवत तूच करायचं. मला नाही जमत, काकू. जमलं नाही तर त्यांना सगळं कळेल. मला तिथे राहायचंय."

यशोदाबाई सुपारी कातरत होत्या, खाण्यासाठी. "आईला सांग."

"आईने तुमच्याकडेच पाठवलं."

"मग तिलाच पाठव. तिने या बोळात उभं राहून सांगावं, कोणी केलं होतं ते. मग करते."

"ती नाही येणार." सुधाने डोळे पुसले. "पण मी सांगते ना. सगळं तुम्हीच केलं होतंत, काकू. मला माहीत आहे."

"ते मलाही माहीत आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? तिथे सांगायचं होतंस."

सुधा चपला घालून निघाली. यशोदाबाई खिडकीशी आल्या. ज्या पोरीसाठी त्या भरल्या मांडवात पुढे झाल्या होत्या, ती बोळाच्या टोकाला पोचली होती, आणि एक हाक मारली असती तर धावत परत आली असती. हाक ओठांपर्यंत आली. बाईंनी ती मारली नाही.