संगणक पळवणारी मावशी

दातांच्या दवाखान्यात मावशी शिरली तेव्हा खुर्चीत एक पेशंट तोंड वासून पडला होता. मावशीने डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हलवली. टेबलावरचा संगणक शिस्तीत बंद केला. मग खाली वाकून एकेक वायर सोडवली आणि सीपीयू कडेवर घेतला, पोर घेतात तसा.

"चोरी झाली बरं का," ती म्हणाली आणि निघून गेली.

पेशंटला तोंड मिटायची परवानगी मिळाली तसा तो ओरडला, "अहो, ती बाई संगणक घेऊन गेली!"

"जाऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला आम्ही त्याचेच पैसे देतो. आ करा."

गावभर तिला चोरमावशी म्हणत. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती. लहान दुकानं, दवाखाने आणि घरं यांना संगणकाबद्दल सल्ला देणं हा तिचा धंदा. आधी ती एका विमा कंपनीत होती, नुकसानीच्या दाव्यांच्या टेबलावर. समोरच्या खुर्चीत माणसं येऊन बसत ती सगळं होऊन गेल्यावर. कुणाचं गोदाम जळालेलं, कुणाचं दुकान फोडलेलं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "असं होईल वाटलं नव्हतं." ते ऐकून ऐकून तिचे कान किटले. एक दिवस तिने राजीनामा दिला आणि ठरवलं, आता आपण लोकांकडे आधी जायचं.

तिचा उपदेश थोडक्यात आटपे. जे गमावून चालणार नाही त्याची प्रत करा. प्रत दुसऱ्या घरात ठेवा, कारण आग काही दाराची कडी वाजवून येत नाही. आणि ती प्रत उघडून बघा. या शेवटच्या मुद्द्यावर ती अडून बसे. लोक "हो हो" म्हणत. माणूस कधी "हो हो" म्हणतो हे विम्याच्या टेबलावर बसलेल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून ती न सांगता यायची आणि संगणकच उचलून न्यायची. संध्याकाळपर्यंत प्रतीवर काम चालवून दाखवलं तर शाबासकी. नाही दाखवलं तर ती यंत्र परत आणून द्यायची आणि पोट धरधरून हसायची.

फोनवर तर तिला ऊत यायचा. फुलवाल्याला तिने घोगऱ्या आवाजात सांगितलं, "बँकेतून बोलतोय, ताबडतोब पासवर्ड सांगा, नाहीतर खातं बंद." फुलवाल्याने पासवर्ड सांगितला. वर एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितला. दुसऱ्या दिवशी मावशी दुकानाच्या दारात उभी राहिली आणि तोच पासवर्ड हाक मारल्यासारखा ओरडली. आतून फुलवाल्याचा कुत्रा शेपूट हलवत धावत आला.

"ताबडतोब म्हणणाऱ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही," ती फुलवाल्याला म्हणाली. "आणि कुत्र्याच्या नावाचा पासवर्ड तर मुळीच नाही. बिचाऱ्याला वाटतं जेवण आलं."

या सगळ्या शिष्यांत मास्तर सर्वात गुणी. मास्तर म्हणजे शिंपी. हॉटेलांचे, शाळांचे, कारखान्यांचे गणवेश शिवायचे. शेकडो माणसांची मापं त्यांच्या संगणकात होती. मावशीने प्रत करायला सांगितल्या दिवसापासून त्यांनी शनिवार चुकवला नाही. दुपारी हात धुवायचे, पेन ड्राइव्ह लावायचा, पडद्यावरचं "मापं" नावाचं चित्र उचलून त्यात टाकायचं. मग ड्राइव्ह एका लोखंडी पेटीत ठेवायचा, त्यांच्या मोठ्या कात्रीशेजारी. पेटी रोज स्कूटरवरून घरी जायची. इतकं मन लावून तर ते स्वतःचं औषधही घेत नसत.

एका सकाळी मावशी मास्तरांच्या दुकानात शिरली. समोर हॉटेलचा मॅनेजर बसला होता. नवीन वेटरांचे कोट द्यायचे होते, जुन्यांचे पुन्हा शिवायचे होते.

"चोरी झाली, मास्तर," मावशी म्हणाली आणि वायरी सोडवायला लागली.

"घ्या की," मास्तर म्हणाले. चेहऱ्यावर नुसता आनंद. या दिवसाची ते वाट बघत होते. त्यांनी पेटी उघडली, बायकोचा लॅपटॉप मागवला, ड्राइव्ह लावला. "बघा साहेब," ते मॅनेजरला म्हणाले, "आमचं काम कसं असतं."

मापांचं चित्र दिसलं. मास्तरांनी त्यावर दोनदा टिचकी मारली. यंत्र म्हणालं, अशी वस्तू इथे नाही.

पुन्हा टिचकी. पुन्हा तेच.

मावशी वाकली. चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. तिने आधी ओठ दाबले. मग तिला आवरेना. ती कापडाच्या ताग्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"मास्तर, हा शॉर्टकट आहे. आत काही नसतं याच्या. मापं कुठे ठेवली आहेत तेवढं हा बोट करून दाखवतो. तुम्ही इतके दिवस दारावरची पाटी तिजोरीत ठेवत होता. घर राहिलं बाहेरच."

मॅनेजर हसला. इस्त्रीवाला हसला. मास्तरांच्या सुनेने दारातूनच तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरला. मास्तर मात्र हसले नाहीत. मावशीने त्यांना पूर्ण फोल्डर कसं उचलायचं ते शिकवलं, यंत्र परत दिलं, चहा घेतला. जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "मावशी, तुमची प्रत कुठे असते हो?"

"नणंदेकडे. दोन गल्ल्या पलीकडे."

"उघडून बघता?"

"हो हो," मावशी म्हणाली.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली.

पुढच्याच आठवड्यात मावशी एका वाण्याचा प्रिंटरशी चाललेला झगडा मिटवून घरी आली. तिच्या टेबलावर संगणक नव्हता. पडदा होता, माऊस होता. सीपीयूच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता आणि त्यात मास्तरांची टेप गुंडाळून ठेवली होती. कोचावर मास्तर, डॉक्टरीणबाई आणि फुलवाला ओळीने बसले होते. फुलवाल्याच्या पायाशी कुत्रा. मावशीचा नवरा सगळ्यांना बिस्किटं देत होता.

"चोरी झाली म्हणा," मास्तर म्हणाले.

मावशी नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही घरात असताना?"

"मी सही घेतलीय त्यांची," नवरा म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन होता. वस्तू हातातून सुटली की सही घ्यायची, एवढं त्याला पुरे असे.

मावशीने कमरेवर हात ठेवले. तिला राग आला होता आणि गंमतही वाटत होती. गंमत जास्त वाटत होती. "चला," ती म्हणाली. "शिका जरा."

सगळी वरात नणंदेकडे निघाली. कुत्रा पुढे. नणंदबाईंनी दार उघडलं, कपड्यांच्या कपाटातून हार्ड डिस्क काढून दिली आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढी माणसं? कोण गेलं?"

"माझा गर्व जातोय का बघायला आलेत, वन्सं."

नणंदेच्या संगणकाला डिस्क लावली. गिऱ्हाइकांची कामं उघडली. बिलं उघडली. फोटो उघडले, त्यात नणंदबाई दोन ठिकाणी डोळे मिटलेल्या निघाल्या. मास्तरांचा चेहरा उतरत चालला. फुलवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनी बघितल्यावर थांबवल्या.

तेवढ्यात पोस्टमन म्हणाला, "आणि आईचा आवाज?"

ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. सासूबाई शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळल्या होत्या. मावशीने त्यांच्या उशाशी माइक ठेवला होता आणि त्या तासन्‌तास बोलत राहायच्या. बरंचसं सुनेच्या चुकांबद्दल. त्या गेल्यावर पोस्टमन दर रविवारी कानांना हेडफोन लावून आईला ऐकायचा. मावशीने एकदाही ऐकलं नव्हतं. तिला ते ऐकवत नसे.

"आहे की," ती म्हणाली. "हे काय, 'आई' लिहिलंय."

"उघडा," मास्तर म्हणाले.

"कशाला? नाव दिसतंय ना."

"मावशी, नाव तर पाटीवरही असतं."

मावशीने चष्मा चढवला. 'आई'च्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता.

तिला लगेच उमगलं. आवाज यंत्रातल्या जुन्या डिस्कवर, आत कुठेतरी खोल ठेवला होता. नवऱ्याला सापडावा म्हणून तिनेच पडद्यावर शॉर्टकट करून दिला होता. प्रत आपोआप व्हायची, पडद्यावरच्या सगळ्याची. त्यात हा बाण आला. आवाज आला नाही. उघडून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कुणी हसलं नाही. मास्तरही नाही.

"म्हणजे आई फक्त त्या यंत्रात आहे," पोस्टमन सावकाश म्हणाला. "आणि ते मीच उचलून दिलं. सही घेऊन." आयुष्यभर त्याने एक पाकीट हरवलं नव्हतं.

"मास्तर," मावशी म्हणाली, "कुठे ठेवलंय माझं यंत्र?"

"दुकानात. इस्त्रीच्या टेबलावर जागा होती."

"वाफेच्या इस्त्रीच्या?"

मास्तर उत्तर द्यायला थांबले नाहीत. या वयात ते धावू शकतात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसावं. मागे मावशी, मागे पोस्टमन, मागे नणंदबाई घरच्या सपातांत, शेवटी डॉक्टरीणबाई आणि फुलवाला. दुकानात इस्त्रीवाला शांतपणे वेटरच्या कोटावर इस्त्री फिरवत होता. सीपीयू टेबलाच्या कडेला होता, आणि त्याच्यावर कोटाची ओली बाही वाळत पडली होती.

"गरम असतं ना ते," इस्त्रीवाला म्हणाला. "म्हटलं वाळेल लवकर."

"बंद आहे ते, शहाण्या! गरम कसं असेल?" मास्तरांनी बाही खेचली.

मावशीने यंत्र पुसलं. आत पाणी शिरलंय का ते मागच्या जाळीतून बॅटरी मारून बघितलं. कोरडं होतं. मास्तरांचा पडदा, मास्तरांच्या वायरी जोडल्या. बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. लाल दिवा नाही, पंखा नाही. शेकडो यंत्रं तिने उघडली होती, पण हे यंत्र कुठून उघडायचं तेच तिला आठवेना. ती वायरी उपटायची, पुन्हा लावायची. पोस्टमन शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

मास्तर खाकरले. "मावशी, रागावू नका. तुम्ही फोनवर आम्हाला पहिलं काय विचारता?"

"काय विचारते?"

"भिंतीवरचं बटण चालू आहे का."

मावशीने भिंतीकडे बघितलं. बटण बंद होतं. इस्त्रीवाल्याने हात लांब करून ते टक्‌कन दाबलं. पंखा घुमला. लाल दिवा लागला.

सगळ्यांत आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग कुणालाच आवरेना, आणि मावशी कापडाच्या त्याच ताग्यावर बसून सगळ्यांत जास्त हसली. मधेच तिने डोळे पुसले. ते पाणी हसून आलं असं सगळ्यांनी मानून घेतलं.

जुन्या डिस्कवरचं फोल्डर सापडलं. मावशीने ते उचललं, मास्तरांच्या एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकलं आणि हात मागे घेतला.

"उघडा," मास्तर म्हणाले. या वेळी हळू.

तिने उघडलं. आधी खरखर. मग मावशीचाच आवाज, पुष्कळ तरुण वाटणारा, "बोला आई, काहीही बोला." आणि मग सासूबाई, खणखणीत, "काय बोलू? आधी ते यंत्र पूस. केवढी धूळ बसलीय त्याच्यावर. घर आहे का गोदाम?"

इस्त्रीवाल्याने नकळत फडकं उचललं आणि सीपीयू पुसून काढला.

"माझ्या पाठीमागेसुद्धा अशाच बोलायच्या का हो?" मावशीने नवऱ्याला विचारलं.

"नाही," पोस्टमन म्हणाला. "पाठीमागे तुझं कौतुक करायची. ते रेकॉर्ड करायचं राहिलं."

मावशीने त्याच्याकडे निरखून बघितलं. तो खरं बोलत होता की नाही ते तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

आता सासूबाईंची एक प्रत नणंदेकडे आहे आणि एक मास्तरांच्या लोखंडी पेटीत, कात्रीशेजारी. पेटी मास्तरांची, पण नियम मावशीचा. दर शनिवारी दुपारी मास्तर हात धुतात, मापांची प्रत करतात, उघडून बघतात. मग दुसरा ड्राइव्ह लावून तोही उघडून बघतात. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत असली तरी. दुकानात म्हातारीचा आवाज घुमतो, "आधी ते यंत्र पूस." कोट ट्राय करणारा नवखा वेटर दचकतो आणि खिशात हात घालून रुमाल शोधायला लागतो.