नीला सबनीसचा भाऊ

नीला सबनीसच्या आवाजाबद्दल त्या गावात दोन मतं नव्हती. मॉरिसव्हिलच्या पलीकडे, पाइनची झाडं तोडून एकसारखी घरं उभी केलेलं ते नॉर्थ कॅरोलिनातलं छोटं गाव, आणि तिथल्या पिवळ्या स्कूल बसवर नीलाने वीसेक वर्षं ड्रायव्हर म्हणून काढलेली. नागपूरहून लग्न होऊन रवीबरोबर अमेरिकेत आली तेव्हा तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण घरात बसून भिंती बघणं तिच्या स्वभावात नव्हतं, शाळेला ड्रायव्हर हवे होते, आणि शिकवणारा माणूस ‘तुला हे झेपेलसं वाटत नाही’ असं म्हणाला. झालं, तिथेच विषय संपला. मराठी मंडळातल्या बायका कुजबुजल्या, इंजिनियरची बायको आणि बस चालवते! नीलाने त्यातल्या एकीला भर हळदीकुंकवात विचारलं, “तुझा नवरा काय विमान चालवतो?”

बसमध्ये कोणी उभं राहिलं की ती आरशात बघून दोनच शब्द बोलायची, “सिट डाउन!” त्या दोन शब्दांनी अर्धं गाव वाढवलं. आता टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये दुकानात तिला समोर दिसले की आपोआप ताठ उभे राहत. गावाचा मेयर त्यातलाच. लहानपणी मागच्या सीटखाली च्युइंगम चिकटवायचा आणि देवासारखा चेहरा करून बसायचा.

नीलाला सख्खा भाऊ नव्हता. नागपूरला दोघी बहिणी भाऊबिजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायच्या, कारण ज्यांना भाऊ नाही त्यांचा भाऊ चंद्र. अमेरिकेतल्या पहिल्या दिवाळीत ती तशीच अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये स्टीलच्या ताटात निरांजन घेऊन उभी राहिली, थंडीने दात वाजत होते. वरच्या मजल्यावर राहणारा, नुकताच डॉक्टर होऊन आलेला चारुदत्त टिपणीस पायजम्यावर कोट चढवून खाली आला आणि म्हणाला, “चंद्राला कशाला ओवाळतेस? मी आहे ना!” तेव्हापासून दर भाऊबिजेला चारुदत्त तिच्या पाटावर. तो हृदयरोगाचा मोठा डॉक्टर झाला, तळ्याकाठी घर बांधलं, तरी कधी चुकला नाही. नीलाची मुलगी वैदेही, तिच्या लग्नात मामा म्हणून तोच उभा राहिला. नवरा मुलगा राफाएल, मेक्सिकोतल्या माँतेरेचा, औषधांच्या कंपनीत केमिस्ट. त्याला धोतर कसं नेसतात ते कुठून ठाऊक असणार? चारुदत्तने स्वतः गुडघ्यावर बसून त्याच्या निऱ्या काढल्या होत्या.

आता २००७ सालची गोष्ट. त्या वर्षी ईमेलमधून आणि रेडिओवरून एक आवई उठली, की अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा मिळून युरोपसारखा एकच संघ होणार. डॉलर जाणार, सीमा पुसली जाणार, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अवाढव्य रस्ता होणार आणि त्याच्याखाली आपली घरं जाणार. सरकार सांगत होतं, असं काही ठरलेलं नाही. त्यावर लोक म्हणत, बघा, लपवतायत! गावात अंगणाअंगणात पाट्या लागल्या. कोणी ‘आमचा देश विकू नका’, तर कोणी त्याच्या समोरच ‘शेजाऱ्यांना घाबरू नका’. एकमेकांचं गवत कापून देणारे लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि ज्या टाउन कौन्सिलच्या हातात कचऱ्याच्या गाड्या आणि चार सिग्नल, तिने ‘अशा कुठल्याही संघात जायला आमच्या गावाचा विरोध आहे’ असा ठराव आणला.

“शाळेसमोरचा दिवा दोन महिने बंद आहे, त्याचा ठराव करा म्हणावं!” नीला पेपर आपटून म्हणाली. रवी हसला. त्याचं सगळं आयुष्य बायकोचा राग हसण्यावारी नेण्यात गेलं होतं.

ऑक्टोबरमध्ये ठरावावर जाहीर सुनावणी लागली. चारुदत्तचा फोन आला. निवृत्त झाल्यापासून त्याला कौन्सिलच्या निवडणुकीचं वेड लागलं होतं, तो उमेदवार होता आणि नोव्हेंबरमध्ये मतदान होतं. “नीला, सगळे या हं. पुढच्या रांगेत बसा. आपली माणसं दिसली पाहिजेत, यार.” वैदेहीला सातवा महिना होता, ती आणि रवी घरी थांबले. राफाएलने नीलाला नेलं. मामाचा फोटो काढायचा म्हणून त्याने मुद्दाम चांगला कॅमेरा घेतला होता.

हॉल खच्चून भरला होता. रताळ्यांची शेती करणारा एक म्हातारा म्हणाला, की माझी शेतं मेक्सिकन हातांवर चालतात, तुमची पोरं रताळी काढायला येणार आहेत का? त्याच्यावर लोक ओरडले. कॅनडात जन्मलेली एक शिक्षिका म्हणाली, युरोपात संघ झाला म्हणून फ्रान्स काही बुडाला नाही. तिलाही ओरडले. मग चारुदत्त उठला. कोटाला झेंड्याची पिन होती.

“मी या देशात रांगेत उभा राहून आलो,” त्याने घोटवलेल्या इंग्रजीत सुरुवात केली. “परीक्षा दिल्या, वाट पाहिली. आता काही लोकांना रांग नको, परीक्षा नको, फक्त कुंपण पाडून हवंय. इमर्जन्सी रूममध्ये मी त्यांना पाहिलंय. ना भाषा, ना विमा, आणि दर वर्षी एक मूल!” हॉलमध्ये हशा पिकला. “यांच्याशी आपण एका देशात नांदायचं?”

टाळ्या थांबेनात. तीस वर्षं ज्या टाळ्यांची वाट पाहिली त्या मिळाल्यावर माणसाचा चेहरा जसा फुलतो तसा चारुदत्तचा फुलला होता. शेजारी राफाएलने कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला आणि त्याचं झाकण लावलं. त्याला ते झाकण लावताना नीलाने पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती उठून माइकपाशी गेली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा-लाल दिवा. मेयरने अदबीने नाव आणि पत्ता विचारला, तिने सांगितला. पुढे इंग्रजी येईना. तिचं रागाचं इंग्रजी बसपुरतं होतं आणि हा राग बसमध्ये मावणारा नव्हता. ती चारुदत्तकडे वळली आणि सरळ मराठीत सुटली.

“चारुदत्त, लाज नाही वाटत? ज्या हातांनी पोराला धोतर नेसवलंस, तेच हात हलवून त्याच्या नावाने टाळ्या घेतोस? वैदेहीचा हात धरून मांडवात कुणापाशी आणलंस तिला? तेव्हा रांग नाही आठवली? दर वर्षी एक मूल काय रे? माझ्या लेकीच्या पोटातल्या मुलाबद्दल बोलतोयस तू! आणि या टाळ्या तू आवडतोस म्हणून नाहीत, यांच्या मनातलं तू बोलून देतोयस म्हणून आहेत. गरज संपली की उद्या तुझाच नंबर आहे, लक्षात ठेव!”

“स्पीक इंग्लिश!” मागून कोणीतरी ओरडलं. मेयर गोंधळला. “डॉक्टर, व्हॉट इज शी सेइंग?”

चारुदत्तने हॉलवर नजर फिरवली. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, “शी इज ओव्हरकम, मिस्टर मेयर. शी सेज शी इज अ प्राउड अमेरिकन, अँड शी वॉन्ट्स हर कंट्री टू स्टे हर कंट्री.”

सगळा हॉल उभा राहिला. नीलासाठी टाळ्या! ती ‘नो!’ म्हणायला तोंड उघडते तोच चारुदत्त पुढे होऊन तिला मिठी मारायला आला आणि कानाशी पुटपुटला, “नीला, गप्प बस. राफाएलच्या ग्रीन कार्डाचा विचार कर. उगाच कोणाच्या डोळ्यांवर येऊ नका.”

आणि नीलाची दातखीळ बसली. वीस वर्षं अख्ख्या बसला गप्प करणारी बाई एका वाक्याने गप्प झाली. लाल दिवा लागला, लोकांनी तिचे हात हातात घेतले, एका बाईने तर डोळे पुसले. ठराव मंजूर झाला.

परतताना गाडीत नीलाने मान खाली घालून सांगितलं, की चारुदत्त काय म्हणाला आणि ती का गप्प बसली.

“आई,” राफाएल आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “कार्ड आला. ऑगस्टमध्ये. तुम्ही पेढे केला.”

केले होते. स्वतः खवा आटवून केले होते, मंडळात वाटले होते, आणि चारुदत्तने दोन खाऊन तिसरा मागितला होता! त्याला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. तरी नुसता शब्द ऐकून ती घाबरली. चारुदत्तने खोटं सांगितलं याचा तिला राग आला, पण आपण भ्यायलो याचा त्याहून जास्त आला.

“मी बोलले ते कळलं तुला?” तिने विचारलं.

“सगळा नाही,” राफाएल म्हणाला. “धोतर कळला.”

दुसऱ्या दिवशी वैदेही भडकली. “आई, यू शुड हॅव जस्ट सेड इट इन इंग्लिश!” बरोबरच होतं तिचं, म्हणून नीलाला जास्तच लागलं. गावच्या साप्ताहिकात तिचा फोटो आला, खाली ‘देशाभिमानाने भारावलेली आजी’. ती तडक त्यांच्या ऑफिसात गेली. संपादकाने ऐकून घेतलं आणि पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, जुन्या गवतकापणी यंत्रांच्या जाहिरातींखाली, दोन ओळींचा खुलासा छापला. तो कोणी वाचला नाही. दुकानात बायका येऊन हात दाबायच्या, “वुई आर सो प्राउड ऑफ यू!” ती म्हणायची, “आय डिडन्ट से दॅट.” त्या गोड हसायच्या, जणू तिच्या उच्चारांचंच कौतुक वाटतंय. असा संताप तिने जन्मात अनुभवला नव्हता. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं, टाळ्या वाजवणाऱ्याशी कसं भांडायचं?

तिने चारुदत्तला फोन केला. “ज्या तोंडाने खोटं सांगितलंस त्याच तोंडाने खरं सांग. पेपरात तुझ्या नावाने लिही.”

“अगं, इलेक्शन होऊ दे ना. मी राफाएलबद्दल थोडंच बोललो? राफाएल आपलाच आहे.”

“आपला आहे की नाही ते तू ठरवणार?”

“नीला, तू फार पर्सनली घेतेस.”

“भाऊबिजेच्या आत लिही,” ती म्हणाली. “नाहीतर पाटावर बसायला येऊ नकोस.”

तो हसला. तिचा राग हसण्यावारी नेणारे आयुष्यात एक नव्हे, दोघे होते.

चारुदत्त निवडून आला. पेपरात त्याचा हसरा फोटो आला, बाकी काही आलं नाही. भाऊबीज रविवारी होती. रवीने तिला न विचारता दिवाणखान्यात पाट मांडला, भोवती वाकडीतिकडी रांगोळीसुद्धा काढली. “तो येणारच, नीला. तीस वर्षांचं नातं आहे. जाऊ दे ना आता.”

दिवस मावळताना चारुदत्त आला. हातात साडीचा बॉक्स, कोटावर तीच पिन. वैदेही सोफ्यावरून उठली नाही. राफाएलने “हॅलो, मामा” म्हटलं, तेवढंच. चारुदत्त सवयीने पाटावर बसला, खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, “चला ताई, कौन्सिलमन वाट बघतायत!”

नीला ताट घेऊन आली. निरांजन लावलेलं, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं नीट. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“लिहिलंस?”

“अगं, आजच्या दिवशी तरी... आता निवडून आलोय ना, आता हळूहळू सगळं करता येईल.” आणि त्याने कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं.

त्या पुढे केलेल्या कपाळाकडे नीलाने पाहिलं. इतक्या वर्षांत त्या कपाळावर आठ्या आल्या होत्या, केस मागे गेले होते, आणि दर वर्षी तिने तिथे कुंकू लावलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही राग आला. ती त्याला वळसा घालून दाराकडे गेली, कोपराने दार उघडलं आणि ड्राइव्हवेवर उतरली.

समोरच्या पाइनच्या शेंड्यांवर बिजेची कोर होती, बारीक, बुडायला आलेली. वारा सुटला होता. निरांजन विझणार तोच मागून राफाएल आला आणि ज्योतीभोवती हात धरून उभा राहिला. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं, पण त्याने विचारलं नाही. नीलाने चंद्रावर अक्षता टाकल्या, त्या गाडीच्या बॉनेटवर पडल्या. सुपारी आणि अंगठी फिरवून तिने चंद्राला सावकाश ओवाळलं. पलीकडच्या घरातला माणूस कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबला. त्याच्या अंगणात अजून ‘आमचा देश विकू नका’ची पाटी होती. त्याने बसमधल्या लहानपणीच्या धाकाने हात वर केला, नीलाने केला नाही.

ती आत आली तेव्हा चारुदत्त अजून पाटावरच होता, डोक्यावर रुमाल, तोंड उतरलेलं. रवी खिडकीपाशी उभा होता आणि या वेळी त्याला हसता येत नव्हतं.

“नीला,” चारुदत्त म्हणाला, “हे काय केलंस?”

तिने ताट टेबलावर ठेवलं. मराठीत सांगायचं ते त्याला एकदा सांगून झालं होतं, आणि त्याचं त्याने काय केलं तेही तिने पाहिलं होतं. तिने बसमधला आवाज काढला.

“स्टँड अप!”

चारुदत्त उठला. राफाएलने पाट उचलून कपाटामागे ठेवला.